जीप बेड्याकडेच का वळते?

आमच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली तेव्हा मी आठवीत होतो. बाबा सकाळी वावरातून आले आणि पाय न धुताच म्हणाले, "बेड्यावाल्याइचंच काम आहे." पुरावा नव्हता. तो लागतही नव्हता. दुपारी पोलिसांची जीप आली, आमच्या ओसरीवर चहा झाला आणि जीप सरळ पारध्यांच्या बेड्याकडे वळली. ज्याला धरून आणलं, तो आमच्याच तुरीची जागल करायचा. तुरीचं वावर नाल्याकडे, विहीर गावाच्या दुसऱ्या अंगाला. "मालक, मी रातभर तुमच्या तुरीतच होतो जी. सांगा न साहेबाले," तो बाबांना विनवत होता. बाबा गप्प. मीही गप्प. रात्री त्याला डबा मीच नेऊन दिला होता.

चार दिवसांनी त्याला सोडलं तेव्हा त्याला धड चालता येत नव्हतं.

उन्हाळ्यात मोटारीचा पत्ता लागला. गावातल्याच एका चांगल्या घरच्या पोरानं विकली होती. चार माणसांत बसून प्रकरण मिटवलं, घराची अब्रू राहिली. बेड्यावर मात्र कोणी गेलं नाही. संशय घेऊन जीप गेली होती. आमचं चुकलं, हे सांगायला सायकलही गेली नाही.

परवा वर्ध्यात एका कार्यक्रमाला गेलो होतो. विषय होता, बापाकडून लेकाकडे चालत येणाऱ्या मनाच्या जखमा. वक्ते अभ्यासू होते. कॅनडात आदिवासी मुलांना निवासी शाळांत कसं कोंडलं, 2008 साली तिथल्या पंतप्रधानांनी संसदेत माफी कशी मागितली, सगळं सांगितलं. मग गाडी पारध्यांवर आली. मुलांचं समुपदेशन करा, बायांशी बोला, त्यांच्या मनातली भीती काढा. इथं माझं डोकं फिरलं. भीती खोटी असेल तर काढाल ना!

आमच्या बेड्यावर आजही जीपचा आवाज आला की पोरं तुरीत पळतात. लस द्यायला आलेली जीप असली तरी पळतात. त्यांतला एक त्या जागल्याचा नातू आहे. त्याला हे कोणी शिकवलं? फासेपारध्यांसारख्या जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा इंग्रजांनी 1871 मध्ये आणला. 31 ऑगस्ट 1952 ला तो गेला, माणसं 'विमुक्त' झाली. लगेच त्याच्या जागी सराईत गुन्हेगारांचे कायदे उभे राहिले. ते रद्द करा, असं 2007 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या समितीनं सांगितलं. विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाला अगदी 2024 च्या ऑक्टोबरातही बजावावं लागलं. म्हणजे जखम जुनी नाहीच. खपली धरली की आम्ही ती पुन्हा काढतो.

"पण ते मोहाची गाळतात ना?" गाळतात. कोणी चोरीही करत असेल, आमच्यातही करतात. 1972 च्या कायद्यानं तितर-बटेराची शिकार बंद झाली, आता झटका मशीन आल्यापासून जागलही गेली. माणसानं खावं काय? गांधीजींचा जिल्हा म्हणून इथं दारूबंदी, पण अंधार पडल्यावर बेड्याच्या वाटेवर उभ्या मोटरसायकली कोणाच्या असतात हे गावाला पाठ आहे. धाडीत सडवा ओततात तो बेड्यावरचा. पिणारा घरी जाऊन झोपतो. आणि पोराला शाळेसाठी जातीचा दाखला हवा म्हटलं, की ऑफिसात 1950 च्या आधीचा कागद मागतात. पालावर फिरणाऱ्या आज्यानं कोणत्या कपाटात ठेवला असेल तो?

समुपदेशन करा, नको कोण म्हणतं. पण आधी गावाचं करा. चोरी झाली की तोंडात पहिलं नाव बेड्याचं का येतं, हे आम्हाला बसवून विचारा.

मागच्या पोळ्याला मी बेड्यावर गेलो. तो जागल्या आता नाही, त्याची बायको आहे. मोटार कोणी नेली होती ते चाळीस वर्षांनी तिला सांगितलं. ती चुलीत काडी सारत म्हणाली, "आमाले तवाच मालूम होतं, बाबू. आमाले कोन इचारते?"

येत्या ग्रामसभेत मी उभा राहणार आहे. चोराचं नाव घेणार नाही; पण ती चोरी बेड्यानं केली नव्हती आणि आमच्या घरानं खोटा आळ घेतला होता, एवढं ठरावाच्या वहीत लिहून घ्या म्हणणार आहे. भाऊबंद आत्ताच चिडलेत, मेलेल्या बापाचं नाव कशाला घालवतोस म्हणून.