आशाताई मोजतात काय?

गेल्या आठवड्यात चौथीतल्या एका मुलीनं वर्गात तक्रार मांडली. "बाई, आमच्याकडे आशाताई येतात नि बाळाचं झबलं वर करून नुसत्या बघत बसतात. आजी म्हणते, एवढ्या थंडीत कशाला उघडं करायचं?"

नाशिकची थंडी! आजीचंही खरंच आहे. पण आशाताई श्वास मोजत असतात. एवढ्याशा बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त भरले, तर लगेच दवाखाना गाठायचा.

"पण घरी येऊन बघितल्यानं खरंच बाळं वाचतात? कुणी ठरवलं?" मागच्या बाकावरून प्रश्न आला. मला तो फार आवडला.

त्यासाठी गडचिरोलीला जायला हवं. तिथं डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांची 'सर्च' ही संस्था आहे. बाळंतपणं घरात, इस्पितळ लांब. १९९५ पासून त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून 'आरोग्यदूत' केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसे मोजायचे, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा कसं द्यायचं!

अशी गावं ३९. शिवाय आणखी ४७ गावांत नेहमीची सरकारी सेवाच चालू ठेवली, आणि दोन्हीकडच्या जन्म-मृत्यूंची नोंद केली. दुसरी गावं कशाला? अहो, एखाद्या वर्षी साथच कमी असली तर? मग श्रेय उगाच आरोग्यदूतांना!

तिसऱ्या वर्षी हिशेब झाला. आरोग्यदूतांच्या गावांत आधी हजार बाळांमागे ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांतच दगावत. ती संख्या २६ च्या आत आली. दुसरीकडे ती साठच्या आसपासच राहिली.

१९९९ मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तरी लगेच नियम झाला नाही हं! एका शाळेचा निकाल बघून सगळ्यांचं पुस्तक कुणी बदलतं का? बांगलादेशातही घरभेटींची अशीच तपासणी झाली. मग २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी सगळ्या देशांना घरभेटींची शिफारस केली. २०११ पासून आपल्याकडे आशाताई येऊ लागल्या. बाळ दवाखान्यात जन्मलं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी; घरी जन्मलं तर पहिल्या दिवशीसुद्धा.

ही गोष्ट त्या मुलीनं घरी सांगितली. आता आशाताई आल्या की आजी आधी खिडकी लावते, मग स्वतःच घड्याळ हातात घेऊन बसते. आणि मिनिटभर कुणालाही बोलू देत नाही म्हणे!

— तुमच्या बाई