व्यवस्थापनाची पदवी आणि घरचा हिशेब

बारावीचा निकाल लागला म्हणजे घरोघर एक लहानशी सभा भरते. आजोबा, वडील, काका, आत्या, शेजारचे अनुभवी गृहस्थ अशा सर्वांचीं मतें घेऊन झालीं कीं मग ज्याच्या आयुष्याचा प्रश्न असतो त्या मुलास किंवा मुलीस बोलावण्यांत येतें. वैद्यक, अभियांत्रिकी, सनदी लेखापालाची परीक्षा हीं नांवें वडील पिढीच्या ओळखीचीं आहेत. परंतु अलीकडे पुष्कळ मुलें ‘आम्हांस बी.बी.ए. व्हावयाचें आहे’ असें सांगतात. ‘म्हणजे शिकणार काय?’ हा आजोबांचा प्रश्न. ‘मॅनेजमेंट’ हें नातवाचें उत्तर. या उत्तरानें आजोबांचें समाधान होत नाहीं, आणि खरें पाहतां नातवाचेंही झालेलें नसतें. याकरितां या खेपेस या विषयावर थोडें विस्तारानें लिहिण्याचें आम्ही योजिलें आहे.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आपल्याकडे लहान मूलही जाणतें. मौज अशी कीं, ही म्हण तोंडीं ठेवून आपल्या पांढरपेशा घरांनीं पिढ्यान्‌पिढ्या नेमकी कनिष्ठ म्हटलेलीच वाट धरली. अपवाद नव्हते असें नाहीं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेंतील शिक्षकाची नोकरी सोडून कारखानदारी पत्करली आणि १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसविली. दांडेकर बंधूंनीं १९३१ सालीं मुंबईंत शाई करण्यास आरंभ केला व त्यांतून पुढें ‘कॅमलिन’ उभी राहिली. यांपैकीं कोणाजवळही व्यवस्थापनाची पदवी नव्हती. तेव्हां ‘व्यापार काय शाळेंत शिकतां येतो? तो रक्तांतच असावा लागतो’ असें वडील मंडळी म्हणतात, त्यांत कांहींच अर्थ नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं.

परंतु हें ‘रक्तांत असणें’ म्हणजे नेमकें काय, याचाही विचार झाला पाहिजे. व्यापाऱ्याचा मुलगा दहाव्या वर्षीं दुकानाच्या गादीवर येऊन बसतो. कोणास उधार द्यावें व कोणास देऊं नये, माल केव्हां भरावा, गिऱ्हाईक परत जातांना त्यास काय बोलावें, हें सर्व तो रोज कानांनीं ऐकतो व डोळ्यांनीं पाहतो. हें रक्त नव्हे, हें शिक्षणच आहे. फक्त त्यास फी नाहीं आणि त्याचें प्रमाणपत्रही नाहीं. पगारदाराच्या मुलास ही गादी कोठून मिळणार? त्याच्या घरीं महिन्याच्या ठराविक तारखेस पैसा येतो. तो कसा निर्माण होतो हें त्यास दिसतच नाहीं. अशा मुलास ती गादी थोडीफार मिळवून देणें हें या महाविद्यालयांचें खरें काम होय.

ही कल्पना नवीन नाहीं. अमेरिकेंतील धातूंचे कारखानदार जोसेफ व्हार्टन यांनीं १८८१ सालीं १ लक्ष डॉलरची देणगी देऊन पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत व्यापारशिक्षणाची शाळा काढविली. विद्यापीठाच्या अंगभूत अशी ही पहिलीच शाळा समजली जाते. जुन्या व्यापाऱ्यांच्या पेढीवर उमेदवारी करून तरुणांस जें शिक्षण मिळे तें आतां मिळेनासें झालें आहे, अशीच त्यांची तक्रार होती. आपल्याकडे १९१३ सालीं मुंबईस सिडनहॅम महाविद्यालय निघालें, डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ पासून कांहीं काळ तेथें अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पुण्यास डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें १९४३ सालीं बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय स्थापिलें. परंतु हें शिक्षण वाणिज्याचें, म्हणजे मुख्यतः हिशेब, अर्थशास्त्र व कायद्याचें होतें. ‘व्यवस्थापन’ या नांवाचें उच्च शिक्षण १९६१ सालीं कलकत्ता व अहमदाबाद येथील संस्थांनीं रुजविलें, आणि तें पदवीधरांकरितां होतें. बारावीनंतर लगेच तें शिकविण्याचा बी.एम.एस. हा अभ्यासक्रम मुंबई विद्यापीठानें १९९९ सालीं सुरू केला. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून असे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेंत आले आणि महाराष्ट्रांत त्यांकरितां सामाईक प्रवेश परीक्षा घेण्यांत आली. त्या वेळीं कांहीं महाविद्यालयांनीं अभ्यासक्रमाचें नांव बदलून तो वाणिज्य शाखेखालीं घेतला. म्हणून पालकांनीं नांवावर न जातां विषयांची यादी पाहावी हें उत्तम.

या यादींत साधारणपणें हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र, व्यापारी कायदा, विक्री व बाजारपेठ, माणसांची नेमणूक व वागणूक, उत्पादन आणि भांडवलाची व्यवस्था हे विषय असतात. शिवाय कांहीं आठवडे एखाद्या व्यवसायांत प्रत्यक्ष काम करावें लागतें. नांवें भारदस्त आहेत. परंतु आंत जें आहे तें आपल्या घरांस मुळींच परकें नाहीं. दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली या इटालियन धर्मोपदेशकानें १४९४ सालीं व्हेनिस येथें छापलेल्या ग्रंथांत मांडली, हें विद्यार्थी पहिल्याच वर्षीं ऐकतो. परंतु रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद, नांवें आणि जमा हे शब्द तर आपलेच आहेत. नातू ज्यास ‘ट्रायल बॅलन्स’ म्हणतो ती तेरीज होय, हें आजोबांनीं त्यास सांगावें. दोघांसही आनंद होईल.

हें शिक्षण उपयोगाचें कसें, याचें एक उदाहरण आम्ही मुद्दाम घरांतलेंच घेतों. समजा, दिवाळीकरितां लाडू करून विकावयाचें ठरलें. भांड्यांचें भाडें, शेगडी, नोंदणी व छापील पत्रकें मिळून १२,००० रुपये खर्च आला. लाडू १० किलो होवोत कीं २०० किलो, हा खर्च बदलत नाहीं. बेसन, तूप, साखर, गॅस व डबे यांचा खर्च किलोमागें ३२० रुपये आणि विक्रीचा दर ४०० रुपये. म्हणजे किलोमागें ८० रुपये सुटतात. १२,००० रुपये भरून निघण्यास १५० किलो लाडू खपले पाहिजेत. तेथपर्यंत नफा नाहीं व तोटाही नाहीं. एकूण २५० किलो खपले तर ८,००० रुपये नफा. येथवर पहिल्या वर्षाचा विद्यार्थी सहज पोहोंचतो.

आतां त्या २५० पैकीं १०० किलो दुकानदारांनीं महिन्याच्या उधारीनें नेले असें धरा. वहींत नफा ८,००० चाच दिसतो. परंतु खर्च झाले ९२,००० आणि हातीं आले ६०,०००. म्हणजे पदरचे ३२,००० रुपये महिनाभर अडकले. कागदावर नफा असूनही पुष्कळ उद्योग बुडतात ते याच कारणानें. खेळतें भांडवल म्हणजे काय, तें या एका उदाहरणानें कळतें.

आणि यापुढचा प्रश्न अधिक नाजूक आहे. हे लाडू वळले कोणी? घरच्या दोन जावांनीं २५ दिवस रोज पांच पांच तास काम केलें, तर तें २५० तास झालें. तासास अवघे ६० रुपये धरले तरी त्याची मजुरी १५,००० होते. ती मांडली कीं ८,००० च्या नफ्याचा ७,००० रुपयांचा तोटा होतो! मजुरीसह सर्व खर्च निघावयाचा तर भाव किलोस ४२८ रुपये ठेवावयास हवा होता. म्हणजे स्वस्त लाडू गिऱ्हाइकानें खाल्ले आणि नफ्याचें श्रेय उद्योगाच्या चालकानें घेतलें. दोहोंची किंमत मात्र घरांतील स्त्रियांनीं भरली. ज्या शिक्षणानें अठरा वर्षांच्या मुलास हा प्रश्न विचारण्याची बुद्धि होते, तें शिक्षण व्यर्थ आहे असें कोण म्हणेल? आणि ज्या शिक्षणानें ती होत नाहीं, त्यास व्यवस्थापनाचें शिक्षण तरी कां म्हणावें?

कायद्याची गोष्ट तशीच. १८७२ चा करारांचा कायदा आणि १९३२ चा भागीदारीचा कायदा विद्यार्थी वाचतो. भागीदारींत पेढीच्या देण्याबद्दल प्रत्येक भागीदार आपल्या खासगी मालमत्तेनिशीं जबाबदार असतो, आणि एका भागीदारानें धंद्याच्या ओघांत केलेला व्यवहार इतरांवर बंधनकारक होतो, हें त्यांतलें मुख्य तत्त्व. मित्राच्या शब्दावर विसंबून भागीदारीच्या कागदावर सही करणाऱ्या भावास हें वेळीं सांगणारा कोणी घरांत असला तर राहतें घर वांचूं शकतें. मर्यादित जबाबदारीची भागीदारी करण्याची सोय २००८ च्या कायद्यानें झाली आहे, हेंही अशा घरांत ठाऊक असावें.

एवढें सांगितल्यावर या शिक्षणाचे दोषही सांगितले पाहिजेत. ज्या अमेरिकेंत तें निघालें तेथेंच त्यावर कडक टीका झाली. १९५९ सालीं फोर्ड व कार्नेगी या दोन प्रतिष्ठानांच्या साहाय्यानें दोन मोठे अहवाल निघाले. व्यापाराचें पदवी-शिक्षण फार संकुचित व उथळ झालें आहे, त्यांत भाषा, इतिहास, गणित व शास्त्रें यांचा पाया अधिक हवा, असा दोहोंचा सूर होता. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथांत अशाच उदार शिक्षणाची जोड देण्याचा आग्रह पुन्हां धरलेला आहे. ज्या उण्या गोष्टी पन्नास वर्षांनींही सांगाव्या लागतात, त्या आपल्या महाविद्यालयांत आपोआप भरून निघतील असें मानणें भोळेपणाचें होईल. तयार टिपणें पाठ करणें, दुसऱ्याकडून लिहवून घेतलेला प्रकल्प आपला म्हणून देणें, चार रंगीत चित्रें दाखवून मोठमोठे शब्द उच्चारणें, एवढ्यानेंही पदवी मिळूं शकते. मग मुलाच्या हातीं शब्द राहतात, काम राहत नाहीं.

म्हणून फी भरण्यापूर्वीं पालकांनीं कांहीं प्रश्न निःसंकोच विचारावे. हिशेब व संख्याशास्त्र शिकविणारे अध्यापक कायमचे आहेत काय? प्रत्यक्ष कामाच्या आठवड्यांत विद्यार्थी कोठें जातात, आणि त्यांनीं काय केलें हें कोण तपासतो? तीन वर्षांत विद्यार्थ्यास स्वतः किती लिहावें लागतें? नव्या धोरणानुसार चौथें वर्ष घेण्याची सोय आहे काय? आणि ‘आमच्या विद्यार्थ्यांस सरासरी अमुक पगार मिळतो’ असें कोणी सांगितल्यास तेथेंच थांबावें. नऊ जणांस दरमहा १५,००० आणि एकास १,६५,००० रुपये मिळाले तर दहांची सरासरी ३०,००० येते. परंतु ३०,००० प्रत्यक्षांत एकासही मिळालेले नसतात. पगार चढत्या क्रमानें मांडून मधला आंकडा कोणता तें विचारावें. ही युक्ति त्याच महाविद्यालयांत संख्याशास्त्राच्या तासास शिकवितात. ती प्रवेशाच्या दिवशींच त्यांच्यापुढें ठेवण्यास हरकत नसावी.

मुलांसही दोन शब्द. दुसरीकडे प्रवेश मिळाला नाहीं म्हणून, किंवा पुढें एम.बी.ए. करावयाचेंच आहे तोंवर वेळ काढावा म्हणून, या वाटेस जाऊं नये. इतरांवर अधिकार गाजविण्याचें शास्त्र म्हणूनही तिकडे पाहूं नये. दुसऱ्यांचें श्रम, दुसऱ्यांचा पैसा आणि दुसऱ्यांचा विश्वास आपल्या हातीं येणार आहे, त्याचा चोख हिशेब देतां यावा म्हणून हें शिकावयाचें असतें.

यास्तव आमची एक सूचना आहे. ज्या घरांतील मुलगा किंवा मुलगी ही पदवी घेत असेल, त्या घरानें एक वर्ष घरखर्चाची वही त्याच्या किंवा तिच्या स्वाधीन करावी. किराणा, दूध, वीज, औषधें, सण, पाहुणे, कर्जाचे हप्ते सर्व त्यांत यावें. आणि स्वयंपाकघरांत, आजारी माणसाच्या उशाशीं व मुलांच्या अभ्यासापाशीं गेलेले तासही निराळ्या रकान्यांत मांडावे. वर्षअखेर सर्व कुटुंबापुढें ताळेबंद वाचावा. वडील मंडळींनीं तो रागावल्यावांचून ऐकावा. ही अट मात्र परीक्षेहून कठीण आहे, हें आम्ही जाणतों. परंतु ज्यास आपल्या घराचा खरा हिशेब धीटपणें व सौम्यपणें मांडतां येतो, त्याच्या हातीं उद्यां कोणाचीही पेढी निश्चिंतपणें द्यावी. मग पदवीच्या कागदावर कोणतीं अक्षरें आहेत याची फारशी चिकित्सा करण्याचें कारण उरणार नाहीं.