इंजिनाचा रंग आणि कारागिराची वही

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी कायमची उतरली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा, त्यामुळे तिची मुदत संपली. वर्तमानपत्रांत बरीच हळहळ छापून आली. परंतु एका गोष्टीकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही. धंद्यातून बाद झालेली गाडी भंगारातच जाते असे नाही. जी गाडी नीट राखली जाते, तिची किंमत वर्षांगणिक वाढते, आणि ती राखणारे हात कारागिराचे असतात. कुर्ल्याच्या गॅरेजांत, चोर बाजाराच्या गल्ल्यांत आणि आमच्या भिवंडीत आग्रा रोडच्या कडेला हे हात काम करतात. त्यांत आपल्या लोकांची संख्या मोठी आहे. या हातांना त्यांच्या हुन्नराचा पुरा मोबदला मिळतो काय, हा आमचा आजचा सवाल आहे.

कापडाच्या व्यापाऱ्याने मोटारीच्या इंजिनात नाक का खुपसावे, असे कुणी विचारील. उत्तर सोपे आहे. जुन्या गाडीच्या दुरुस्तीत सर्वांत जास्त वाद रंगावरून होतात, आणि रंगाच्या वादात आम्हा कापडवाल्यांची उमर गेली आहे. गिऱ्हाइकाने पसंत केलेला नमुना एक आणि प्रोसेस हाऊसमधून आलेला ताका दुसराच, हे दुखणे भिवंडीतल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. त्यातून आम्ही जे शिकलो ते इंजिन रंगवणाऱ्याच्याही कामाचे आहे.

प्रथम हे समजून घेऊ की इंजिनाच्या रंगाला एवढे महत्त्व का. प्रत्येक कारखान्याचा इंजिनाचा रंग ठरलेला असे, आणि तो काळानुसार बदलत असे. चाळीसच्या दशकातल्या शेव्हरलेटचे सहा सिलिंडरचे इंजिन राखाडी होते. त्याच कंपनीचे व्ही-८ इंजिन १९५५ साली आले आणि त्याचा नारिंगी रंग जगभर प्रसिद्ध झाला. फोर्डने अमेरिकेत १९६६ पासून आपली बहुतेक इंजिने एकाच निळ्या रंगात काढली. विलायती एमजी गाड्यांत मरून रंगाचे इंजिन येई, तर त्याच घराण्याचे इंजिन ऑस्टिन-मॉरिसच्या साध्या गाड्यांत हिरवे असे. म्हणजे रंग पाहून जाणकार माणूस इंजिन कुठले आणि साधारण कोणत्या काळातले, हे ओळखू शकतो. चुकीचा रंग पाहिला की तोच जाणकार बाकीच्या कामावरही शंका घेऊ लागतो.

मुंबईत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जुळवण्याचा कारखाना काढला आणि तो १९५४ पर्यंत चालला. कुर्ल्याची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली स्थापन झाली. तिने क्रायस्लरच्या आणि पुढे फियाटच्या गाड्या काढल्या. या साऱ्यांतल्या काही गाड्या आजही घराघरांत, गोदामांत झाकून ठेवलेल्या सापडतात. अशी १९४८ सालची शेव्हरलेट गॅरेजात येते. पेंटरने कुठेतरी ऐकलेले असते की शेव्हरलेटचे इंजिन नारिंगी असते. तो झकास नारिंगी रंग मारतो, मालक खूश होतो, आणि प्रदर्शनात परीक्षक एका नजरेत सांगतो की हा रंग या इंजिनाचा नाही. मेहनत पूर्ण झाली, पैसाही गेला, आणि नाव मात्र कारागिराचे खराब झाले.

आता सरकारी नियमही पाहावा. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम जाहीर केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरबदल न केलेली दुचाकी-चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, फेरनोंदणीची पाच हजार, मुदत दहा वर्षे. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापराला वा धंद्याला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, तेल भरणे आणि देखभाल यांपुरतीच ती रस्त्यावर येऊ शकते. नियमात इंजिनाच्या रंगाचे वेगळे कलम नाही, हे खरे. परंतु सारा भर मूळ स्वरूपावर आहे. साठच्या दशकातल्या आपल्या फियाट ११०० सुद्धा आता या वयात आल्या आहेत. म्हणजे हे काम फक्त राजे-महाराजांच्या गाड्यांचे राहिलेले नाही. ते वाढणार आहे, आणि ज्याला मूळ स्वरूप ओळखता येते त्याच्याकडे ते जाणार आहे.

मग मूळ रंग ओळखायचा कसा? आमच्या गॅरेजांतली पहिली खोड अशी की इंजिन उतरवले की ते लगेच कॉस्टिकच्या टाकीत टाकायचे किंवा तारेच्या ब्रशने घासून लखलखीत करायचे. बांधवांनो, हे म्हणजे गिऱ्हाइकाचा नमुना हरवून मग रंगाऱ्याकडे जाणे झाले! तुमचा नमुना त्या घाणीखालीच आहे. वर्षानुवर्षे साचलेले तेल आणि ग्रीस रंगाला ऊन-पाण्यापासून वाचवते. डायनॅमोच्या ब्रॅकेटखाली, वॉटर पंपाच्या मागे, इंजिन माउंटिंगच्या आत, डिस्ट्रिब्युटरच्या पट्टीखाली आणि नंबरच्या पत्र्यामागे पाहा. रॉकेलने, मऊ कापडाने हळूच पुसा. तिथे बोटभर का होईना, जुना रंग हमखास मिळण्याजोगा असतो.

मिळालेला पहिला रंग मूळच असेल असेही नाही. पन्नास-साठ वर्षांत इंजिनावर दोन-तीन हात फिरलेले असतात. बारीक वॉटर पेपर ओला करून एका जागी गोल गोल घासले की झाडाच्या वलयांसारखे थर उघडे पडतात. सर्वांत खालचा, लोखंडाला किंवा प्रायमरला लागून असलेला थर कारखान्याचा असण्याचा संभव जास्त. घासताना पेपर ओलाच ठेवा. जुन्या नारिंगी, पिवळ्या आणि हिरव्या रंगांत शिशाचे क्षार वापरले जात. त्याची कोरडी धूळ फुप्फुसात जाते, आणि कपड्यांबरोबर घरी लेकरांपर्यंतही पोहोचते.

थर मिळाला की जुळवणी आली, आणि इथे आमच्या धंद्याचा अनुभव कामी येतो. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन शेड अगदी एक दिसतात आणि उन्हात नेताच वेगळ्या होतात, हे आम्ही रोज पाहतो. कारण असे की दोन्हींत रंगद्रव्ये वेगळी असतात. इंजिनाचेही तसेच आहे. जुन्या नारिंगीतले शिशाचे द्रव्य आजच्या डब्यात नसले, तर एका उजेडात जमलेली जोडी दुसऱ्या उजेडात फुटते. म्हणून जुळवणी दिवसा करावी, सावलीतल्या मोकळ्या उजेडात. मग एकदा उन्हात आणि एकदा दिव्याखाली पाहावे. ओल्या रंगावर कधी निकाल देऊ नये. वेगळ्या पत्र्यावर तोच प्रायमर आणि तेवढेच हात मारावेत, तो पत्रा वाळू द्यावा, तापवून पाहावा आणि मगच नमुन्याशी लावावा. उष्णतेने रंग पिवळटतो, तेलाने काळवंडतो. नमुना झाकलेल्या जागेचाच घ्यावा तो याचसाठी.

चमकही तपासावी. कारखान्यात इंजिन बहुधा जुळवून झाल्यावर एकदम फवारले जाई. बोल्टवर, गॅस्केटच्या कडेवर रंगाचा शिडकावा असे. आज आपण प्रत्येक बोल्ट सुटा करून आरशासारखा पॉलिश करतो. ते दिसते सुंदर, पण ते कारखान्याचे नव्हे. सायलेन्सरकडे जाणाऱ्या मॅनिफोल्डवरचा साधा रंग तर थोड्याच दिवसांत जळून जातो. तिथे तो हट्टाने मारण्यात काही शहाणपण नाही.

आता मुद्द्यावर येतो. हे सारे आमच्या चांगल्या उस्तादांना कमी-जास्त येते. त्यांची नजर इतकी तयार की तीन डब्यांतून थेंब थेंब टाकून ते शेड बनवतात. परंतु ते लिहून ठेवत नाहीत! उस्ताद गेला की शेड गेली. शागीर्द पुन्हा पहिल्यापासून अंदाज करतो. मालकाला मात्र कागद हवा असतो, म्हणून फायदा त्याच्याकडे जातो जो इंग्रजीत चार ओळींचा अहवाल लिहून देतो. रंग बनवला कारागिराने, त्याला रोजंदारी मिळाली, आणि अहवालवाल्याला नाव आणि रक्कम दोन्ही मिळाले. यात दोष एकट्या अहवालवाल्याचा नाही.

कापडाच्या धंद्यात शेड कार्डाशिवाय कुणी सौदा करीत नाही. इंजिनाच्या कामालाही तीच शिस्त लावावी. एक जाड वही घ्यावी. गाडीचे नाव, साल, इंजिन नंबर, नमुना कोणत्या जागी सापडला, किती थर होते, कोणत्या डब्यातून किती माप घेतले, प्रायमर कोणता, हात किती, हे मराठीत लिहा, उर्दूत लिहा, पण लिहा. शेजारी रंगवलेल्या पत्र्याचा तुकडा चिकटवा. शक्य तिथे भारतीय मानक आय.एस. ५ च्या कार्डावरचा जवळचा क्रमांक टाका. त्यात सिग्नल रेड ५३७, गोल्डन यलो ३५६ असे नंबर दिलेले आहेत. तंतोतंत जुळणार नाही, पण ‘जरा गडद लाल’ म्हणण्यापेक्षा ‘५३७ पेक्षा किंचित गडद’ म्हटलेले दुसऱ्या शहरातल्या रंगवाल्यालाही कळते. मोबाइलने फोटो काढावा, पण त्यावर भरवसा ठेवू नये. फोटोतली शेड कधी खरी येत नाही.

परदेशी पुस्तकांवरही आंधळा विश्वास नको. आपली ॲम्बॅसॅडर मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, तिला इंजिनही त्याच घराण्याचे लाभले. म्हणून विलायती पुस्तकातला रंग उत्तरपाड्याच्या गाडीला चालेलच, असे समजू नये. खरी साक्ष ब्लॉकवरची. आपल्या देशात बनलेल्या गाड्यांची अशी साक्ष गोळा करणारी वही आपल्या गॅरेजात तयार झाली, तर उद्या मालक आपल्या दारी येतील.

मालक म्हणेल, मला मूळ रंग नको, भडक लाल मारा. गाडी त्याची, पैसा त्याचा. जरूर मारा, पण बिलावर स्पष्ट लिहा की हा रंग मालकाच्या पसंतीचा आहे, कारखान्याचा नाही. मूळ रंगाचा एखादा कोपरा झाकल्या जागी तसाच सोडा, पुढच्या कारागिराच्या कामी येईल. नमुना सापडलाच नाही तर तेही लिहा. १९६६ साली स्थापन झालेली फिवा ही जुन्या वाहनांची जागतिक संघटना आपल्या ट्यूरिन सनदेत हेच सांगते: जेवढे मूळ उरले आहे ते राखा आणि जे बदलले त्याची नोंद ठेवा. गाडी उद्या विकली जाते तेव्हा ‘ओरिजिनल’ या एका शब्दावर लाखांचा सौदा होतो. तो शब्द खोटा निघाला, तर बोट कारागिराकडेच दाखवले जाते. तेव्हा लिहिलेले बिल हीच त्याची ढाल.

भिवंडीत मागावरचे काम अनेकांना पूर्वीसारखे पुरत नाही. पोरे गॅरेजांकडे वळत आहेत. त्यांना आम्ही एवढेच सांगू की नजर उस्तादाकडून घ्या आणि वही स्वतःची ठेवा. गॅरेज मालकाचे असते, गाडी गिऱ्हाइकाची असते, पण वही कारागिराची असते. ती बगलेत असली की मजुरी ठरवताना मान वर ठेवून बोलता येते.