विश्लेषण : चंद्राच्या पाठीमागचा ‘सोव्हिएत पर्वत’ नकाशावरून गायब का झाला?

चंद्राच्या मागच्या बाजूचे पहिले छायाचित्र जगाने पाहिले ते २७ ऑक्टोबर १९५९ रोजी. धूसर, रेघारेघांचे. त्यावरून सोव्हिएत शास्त्रज्ञांनी नकाशा तयार केला, समुद्रांना, विवरांना आणि एका लांबलचक पर्वतरांगेला नावेही दिली. ती पर्वतरांग मात्र चंद्रावर कधी नव्हतीच!

मागची बाजू दिसत का नाही?

चंद्राला स्वतःभोवती फिरायला आणि पृथ्वीभोवती एक फेरी मारायला सारखाच वेळ लागतो, सुमारे २७.३ दिवस. त्यामुळे त्याचा एकच चेहरा आपल्याकडे राहतो. तो किंचित डुलतो म्हणून एकूण ५९ टक्के पृष्ठभाग टप्प्याटप्प्याने दिसतो. उरलेला ४१ टक्के कोणत्याही दुर्बिणीला दिसत नाही. (त्याला ‘अंधारी बाजू’ म्हणणे चुकीचे आहे. आपल्याकडे अमावस्या असते तेव्हा तिकडे लख्ख ऊन असते.)

यानातच ‘फोटो स्टुडिओ’

‘लुना-३’ हे सोव्हिएत यान ४ ऑक्टोबर १९५९ रोजी झेपावले, पहिला उपग्रह ‘स्पुटनिक’ सोडल्यानंतर बरोबर दोन वर्षांनी. ७ ऑक्टोबरला चंद्रापासून सुमारे ६५ हजार किलोमीटरवरून त्याने ४० मिनिटांत २९ छायाचित्रे टिपली. कॅमेऱ्याला २०० आणि ५०० मिलिमीटरच्या दोन लेन्स होत्या. पण आत होता ३५ मिलिमीटरचा रोल, लग्नाच्या जुन्या अल्बमसाठी वापरत तसा.

रोल पृथ्वीवर आणण्याची सोय नव्हती. म्हणून तो यानातच डेव्हलप केला गेला, स्थिर केला गेला, वाळवला गेला. मग प्रकाशाचा बारीक ठिपका प्रत्येक चित्रावरून ओळीओळीने फिरवून उजेड-अंधाराचे रेडिओ संदेश केले गेले. थोडक्यात, अवकाशातले फॅक्स मशीन. लांबून संदेश फारच क्षीण येत होते. यान पृथ्वीजवळ परतू लागले तेव्हा चित्रे जरा सुधारली. १७ छायाचित्रे हाती लागली. किरणोत्साराला टिकणारी ही फिल्म अमेरिकेच्याच हेरगिरीच्या फुग्यांतून मिळवलेली होती, असे सांगितले जाते.

पर्वत आला कुठून?

मोबाइलचा फ्लॅश अगदी समोरून पडला की चेहरा सपाट दिसतो, नाकाची सावलीच पडत नाही. ‘लुना-३’चे तेच झाले. सूर्य यानाच्या पाठीमागे होता, समोर जवळपास पौर्णिमेसारखा चंद्र. कॅमेरा स्थिर ठेवण्यासाठी आणि चंद्र पूर्ण चौकटीत यावा म्हणून ही रचना सोयीची. पण विवराची खोली आणि डोंगराची उंची ओळखायची ती सावलीवरून, आणि सावली नव्हती. दिसत होते ते फक्त गडद-फिके डाग.

अशाच एका लांब फिक्या पट्ट्याला ‘सोव्हिएत पर्वत’ ठरवण्यात आले. प्रत्यक्षात ती जमिनीवर पसरलेली उजळ धूळ आणि खडकांचा चुरा होता, आघातातून विवर तयार होताना दूरवर उडालेला. ‘स्वप्नांचा समुद्र’ही एकसंध समुद्र नसून वेगवेगळ्या गडद भागांची सरमिसळ निघाला. दोन्ही नावे पुढे वगळली गेली. शीतयुद्धात नाव देण्याची घाई दोष दाखवून देण्यापेक्षा मोठी होती, हे उघड आहे. तरी यंत्राला दोष देता येत नाही, त्याने जे दिसले तेच पाठवले.

आणि बरेच बरोबर होते. ‘मॉस्को समुद्र’, गडद तळाचे त्सिओल्कोव्स्की विवर आजही नकाशावर आहेत. आपल्याला ‘सशाचे’ डाग दिसतात ते लाव्हाचे गडद मैदान; मागे ती मैदाने जवळजवळ नाहीत, हा खरा धक्का याच धूसर चित्रांनी दिला. तिथले कवच जाड असल्याने लाव्हा वर येऊ शकला नाही, असे एक स्पष्टीकरण मानले जाते. हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही.

उरलेला बराचसा भाग १९६५ मध्ये ‘झोंड-३’ने टिपला, पुढे अमेरिकेच्या ‘लुनार ऑर्बिटर’ यानांनी बारकाव्यांसह. ‘लुना-३’ला नीट न दिसलेल्या दक्षिणेकडच्या भागात आज दोन विवरे शेजारीशेजारी आहेत : एक जगदीशचंद्र बोस यांच्या नावाचे, दुसरे होमी भाभा यांच्या.