झोपेची गोळी मागण्यापूर्वी

“डॉक्टर, झोपेची एखादी गोळी लिहून द्या,” ही विनंती मी दवाखान्यात जवळजवळ रोज ऐकतो. मध्यंतरी ७२ वर्षांच्या एका आजोबांनीही ती केली. रात्री दोनच्या सुमारास जाग येते, मग डोळा लागत नाही, एवढीच तक्रार. “जाग आल्यावर काय करता?” असे विचारले, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, “उठून खिडकीपाशी बसतात. हल्ली उशाही तीन लागतात.” पाहिले, तर घोट्यांवर सूज होती. हृदयाची शक्ती उणावल्यामुळे आडवे होताच त्यांना धाप लागत होती. हृदयावर उपचार झाले आणि झोप परतली. केवळ गोळी दिली असती, तर मूळ आजार तसाच वाढत राहिला असता.

वयोमानाने झोप सावध होते, हे खरे. परंतु ती वारंवार मोडत असेल, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नका; ती कशाने मोडते, ते पाहा. लघवीसाठी दोन-तीनदा उठावे लागत असेल, तर वाढलेली साखर, प्रोस्टेटची वाढ किंवा सायंकाळी घेतलेली लघवीची गोळी कारणीभूत असू शकते. मोठ्याने घोरताना श्वास मध्येच थांबणे आणि दिवसा पेंग येणे ही स्लीप अ‍ॅप्नियाची लक्षणे आहेत. त्यात झोपेच्या काही गोळ्या अपायकारक ठरतात. अंथरुणावर पडताच पाय सतत हलवावेसे वाटत असतील, तर शरीरातील लोह तपासावे लागते. पहाटेच जाग येऊन मन उदास राहत असेल, तर नैराश्याचा विचार करावा लागतो.

घरच्यांना एक विनंती. आठवडाभर एका वहीत झोपेच्या व जागेपणाच्या वेळा, जाग येण्याचे कारण, दुपारची झोप, चहा आणि औषधांच्या वेळा टिपून ठेवा. ती वही व चालू असलेली सर्व औषधे घेऊन डॉक्टरांकडे जा. औषधांच्या वेळा परस्पर बदलू नका. शेजाऱ्यांची झोपेची गोळी तर मुळीच घेऊ नका. तिच्या गुंगीत रात्री तोल जाऊन खुब्याचे हाड मोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. आणि रात्री अचानक धाप लागली किंवा छातीत दुखू लागले, तर वही बाजूला ठेवून त्याच क्षणी रुग्णालय गाठा.