लांबचा शॉट गिऱ्हाईक आणतो, जवळचा शॉट दुकान चालवतो



केटलिन क्लार्कचा तो लांबचा शॉट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी रीलमध्ये पाहिला असेल. १५ फेब्रुवारी २०२४ ची मॅच. केटलिन तेव्हा अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाची बास्केटबॉल खेळाडू, समोर मिशिगनचा संघ. कोर्टाच्या मधोमध रंगवलेल्या लोगोजवळून तिने चेंडू फेकला आणि तो थेट जाळीत पडला. महिला कॉलेज बास्केटबॉलमधला केल्सी प्लमचा ३,५२७ गुणांचा एनसीएए विक्रम त्या शॉटने मोडला.

आता दुसरा शॉट बघा. १७ दिवसांनी, ३ मार्चला, ओहायो स्टेटविरुद्ध. या वेळी मागे टाकायचे होते पीट मॅराविचचे ३,६६७ गुण, म्हणजे पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागातला विक्रम. तो मोडला फ्री थ्रोने. समोरच्या संघाने फाउल केला की मिळणारा हा मोकळा शॉट. अंतर १५ फूट, अडवायला कोणी नाही, गुण फक्त एक. याची रील तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलीय?

मला आज बोलायचंय ते या दोन शॉट्सबद्दल. आम्हा ट्रेनर मंडळींना पहिला शॉट फार आवडतो. तो दाखवायचा आणि सांगायचं, 'रिस्क घ्या, नोकरी सोडा, मोठा शॉट मारा!' माझ्या मते ही अर्धीच गोष्ट आहे. आणि छोट्या उद्योजकाला अर्धी गोष्ट महागात पडते. केटलिनचा शॉट चुकला तर चेंडू समोरच्या संघाकडे जायचा, पुढच्या मिनिटाला ती पुन्हा शॉट मारायला मोकळी. तुमचा शॉट चुकला तर घरातलं सोनं बँकेत अडकतं.

म्हणून पूर्ण गोष्ट समजून घेऊ. आधी हिशेब.

कॉलेजच्या महिला बास्केटबॉलमध्ये बास्केटपासून साधारण २२ फुटांवर एक कमान आखलेली असते. कमानीबाहेरून बास्केट केली तर ३ गुण, आतून केली तर २. शेवटच्या सीझनमध्ये केटलिनचे कमानीबाहेरचे १०० पैकी सुमारे ३८ शॉट जाळीत पडले. म्हणजे १०० प्रयत्नांत ११४ गुण. आतून तेवढेच गुण करायचे तर १०० पैकी ५७ शॉट जमायला हवेत. म्हणजे तिचा लांबचा शॉट हा जुगार नव्हता. बहुतेक वेळा चुकूनही परवडणारा माल होता, कारण मार्जिन जास्त होतं आणि आकडा माहीत होता. तुम्ही जो मोठा शॉट मारायला निघालाय, त्याचा असा आकडा तुमच्याकडे आहे का? दहा गिऱ्हाइकांना विचारलं तर किती घेतात? प्रत्येकामागे सुटतात किती? हे वहीत नसेल तर ती हिंमत नाही, नुसता अंदाज आहे.

आता खरी गंमत. पहिली तीन वर्षं केटलिनच्या संघात मोनिका सिनानो नावाची उंच खेळाडू होती. ती बास्केटच्या अगदी खाली उभी राहायची आणि तिथूनच शॉट मारायची. तिचे १०० पैकी ६० हून जास्त शॉट जमायचे. हिशेब करा, १२० गुणांच्या वर! म्हणजे प्रत्येक शॉटमागची कमाई बघितली तर जवळचा साधा शॉट त्या प्रसिद्ध लांबच्या शॉटपेक्षा भारी पडत होता.

मग लांबचा शॉट मारायचाच कशाला? कारण केटलिन तिथून मारू शकते हे माहीत असल्यामुळे बचाव करणाऱ्या खेळाडू तिच्या मागे कमानीबाहेर धावायच्या. कधी कधी दोघी-दोघी. त्यामुळे बास्केटखाली जागा रिकामी व्हायची आणि केटलिन तिथे पास द्यायची. चार वर्षांत १३९ सामन्यांत तिने ३,९५१ गुण केले, हा आकडा सगळे सांगतात. पण तिच्या नावावर १,१४४ असिस्टही आहेत, म्हणजे तिच्या पासवर दुसऱ्या कोणीतरी केलेल्या बास्केट. प्रत्येक असिस्टमागे संघाला किमान दोन गुण मिळाले. जोडून बघा, तिने स्वतः केलेल्या गुणांच्या निम्म्याहून जास्त गुण तिने दुसऱ्यांकडून करून घेतले.

हेच तुमच्या धंद्यात बघा. समजा, एक ताई घरून ऑर्डर घेतात आणि त्यांचे उकडीचे मोदक गावात प्रसिद्ध आहेत. गणपतीत फोन थांबत नाही. मोदक हा त्यांचा लांबचा शॉट. पण गणपती वर्षातून एकदा येतो. भाडं, गॅस, मदतनीस बाईंचा पगार दर महिन्याला असतो. त्याला लागतो रोजचा डबा, भाजणी, चटण्या. मग प्रश्न असा, की मोदकाच्या डब्यासोबत डब्याच्या दराचं कार्ड जातं का? मोदक न्यायला आलेल्या माणसाला चटणीची चव मिळते का? मिळत नसेल तर ताईंनी शॉट मारला, टाळ्या घेतल्या, पण पास दिलाच नाही.

कोणी म्हणेल, लांबच्या शॉटला तुम्ही कमी लेखताय. अजिबात नाही. त्या शॉटनेच गर्दी आणली. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयोवाने फुटबॉलच्या स्टेडियममध्ये सरावाची मॅच ठेवली, तर ५५,६४६ लोक आले. २०२४ ची महिलांची फायनल टीव्हीवर सरासरी १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली, पुरुषांच्या फायनलपेक्षा जास्त. असं त्याआधी कधीच झालं नव्हतं. मार्केटिंग हा तर केटलिनचा कॉलेजातला अभ्यासाचा विषयच होता! तेव्हा लोक थांबून बघतील असं काहीतरी तुमच्याकडे हवंच. मी एवढंच म्हणतोय, की थांबलेल्या माणसाला पुढे काय द्यायचं ते आधी ठरवा.

आणि त्याच फायनलचा एक आकडा मी प्रत्येक बॅचला फळ्यावर लिहून देतो. ३७-०.

समोर साउथ कॅरोलायना होती. केटलिनने पहिल्या क्वार्टरमध्येच १८ गुण केले, पूर्ण सामन्यात ३०. तरी आयोवा ८७-७५ ने हरली. साउथ कॅरोलायनाच्या राखीव खेळाडूंनी, म्हणजे बाकावरून उठून आलेल्या मुलींनी, ३७ गुण केले. आयोवाच्या राखीव खेळाडूंनी शून्य. आदल्या वर्षीही आयोवा फायनलला पोचली होती आणि लुइझियाना स्टेटकडून १०२-८५ ने हरली होती. कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वोच्च विभागात सर्वाधिक गुण करणारी खेळाडू राष्ट्रीय विजेतेपद न मिळवताच बाहेर पडली. यात तिचा कमीपणा नाही. १९९३ नंतर आयोवाला शेवटच्या चारांत नेलं ते तिच्याच काळात. पण एकट्याच्या जोरावर कुठपर्यंत जाता येतं आणि कुठे अडतं, हे यापेक्षा स्वच्छ कुठे दिसणार?

तुमच्या दुकानाचा बाक कसा आहे? तुम्ही चार दिवस तापाने पडलात तर शटर उघडतं का? उधारीची वही दुसऱ्या कोणाला वाचता येते का? तुमच्या हातची चव मदतनीस बाईंच्या हाताला निम्मी तरी आलीय का? आपल्याकडे 'मी असल्याशिवाय पान हलत नाही' हे लोक अभिमानाने सांगतात. धंद्यात ते वाक्य म्हणजे ३७-० आहे.

तर या आठवड्यात एवढंच करा. वहीचं एक पान घ्या, तीन रकाने आखा. पहिल्यात लिहा, लोक तुमच्याकडे कशासाठी येतात. दुसऱ्यात, महिन्याचा खर्च नक्की कोणत्या मालातून निघतो. तिसऱ्यात, तुम्ही नसताना यातलं काय काय चालू राहतं. पहिला रकाना बहुतेकांचा पटकन भरतो. दुसऱ्याला बिलं काढावी लागतील. तिसरा रिकामा राहिला तर नवीन मशीनसाठी कर्जाचा अर्ज भरायच्या आधी एक माणूस तयार करा.

लांबचा शॉट मग मारा, जोरात मारा. फक्त बास्केटखाली कोणीतरी उभं आहे ना, हे बघून मारा.