नातवंडांच्या हाकेच्या अंतरावर

सोलापूरच्या पूर्व भागातील विडी कामगारांच्या वस्तीतून जाताना एक दृश्य नजरेस पडते. उंबऱ्याशी आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळत असते, शेजारी सून पाने कापत असते आणि नातवंडे तेथेच दप्तर पसरून बसलेली असतात. घर एका खोलीचे. परंतु ओटा तीन पिढ्यांचा. या दृश्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्या खोलीत तंबाखूची धूळ आहे, दाटी आहे आणि दाटीतून उद्‌भवणारी भांडणेही आहेत. म्हणूनच हक्काच्या पक्क्या घराची या श्रमिकांची मागणी सर्वथा न्याय्य होती.

त्या मागणीला फळ आले. अक्कलकोट रस्त्यावरील कुंभारी येथे २००६ मध्ये कॉम्रेड गोदूताई परुळेकर वसाहतीतील १०,००० घरे विडी कामगार स्त्रियांना मिळाली. त्यानंतर माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांची रे नगर योजना आकारास आली. तिचे भूमिपूजन जानेवारी २०१९ मध्ये झाले व १९ जानेवारी २०२४ रोजी पहिल्या टप्प्यातील सुमारे १५,००० घरे लाभार्थ्यांच्या स्वाधीन करण्यात आली. हे यश लहान नव्हे.

मात्र घरे मोजताना नाती मोजली गेली काय, हा प्रश्न विचारावयास हवा. रे नगर ज्या प्रधानमंत्री आवास योजनेखाली उभे राहिले, तिच्या नियमानुसार कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. आजी-आजोबा या व्याख्येत नाहीत. दुर्बल घटकांसाठीच्या घराचे क्षेत्रफळ ३० चौरस मीटर, म्हणजे सुमारे ३२३ चौरस फूट, गृहीत धरलेले आहे. एवढ्या जागेत मुलगा, सून, दोन नातवंडे आणि वृद्ध आई यांनी कसे सामावावे?

या नियमाला दुसरी बाजूही आहे. स्वतःचे पक्के घर नसलेले आईवडील स्वतंत्र कुटुंब म्हणून पात्र ठरू शकतात. शिवाय ज्येष्ठांना शक्यतो तळमजल्यावर वा खालच्या मजल्यावर घर द्यावे, असेही मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. ही तरतूद स्तुत्य आहे. परंतु आईला तळमजला मिळाला आणि मुलाचे घर वसाहतीच्या दुसऱ्या टोकाला निघाले, तर तिचे गुडघे वाचतील. संध्याकाळ मात्र एकाकी होईल. आणि सुनेला कामावर जाताना तान्हे मूल कोणाच्या ओटीत ठेवावे, हा प्रश्न उभा राहील.

इतरत्र या प्रश्नाचा विचार झालेला आहे. आईवडिलांजवळ घर घेणाऱ्या मुलांना सिंगापूरच्या शासनाने २०१५ पासून विशेष अनुदान दिले. तेथील कांपुंग अ‍ॅडमिरल्टी या संकुलात ज्येष्ठांची घरे, दवाखाना आणि पाळणाघर एकाच छताखाली आहेत. नेदरलँड्समधील डेव्हेंटर येथील एका वृद्धनिवासात विद्यार्थ्यांना भाडे माफ असते; त्याबदल्यात त्यांनी महिन्यातून ३० तास ज्येष्ठांच्या सहवासात घालवावयाचे असतात.

सोलापूरला एवढा खर्च परवडणारा नाही, हे मान्य. पण पुढील काही गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. घरांचे वाटप करताना आईवडील व विवाहित मुले यांचे अर्ज एकत्र जोडून शेजारची वा एकाच इमारतीतील घरे देता येतील. प्रत्येक इमारतीपुढे सावलीचा ओटा बांधता येईल, जेथे ज्येष्ठांचे बसणे आणि मुलांचे खेळणे परस्परांच्या नजरेत राहील. अंगणवाडी ज्येष्ठांच्या बैठकीलगत असेल, तर दोहोंवर लक्ष ठेवणारी माणसे आपोआप लाभतील.

आजी-आजोबांसाठी पोप फ्रान्सिस यांनी २०२१ मध्ये जागतिक दिन सुरू केला व जुलै महिन्यातील चौथा रविवार त्यासाठी राखून ठेवला. त्या दिवशी आपण ज्येष्ठांचा शाल देऊन सत्कार करतो. तो जरूर करावा. पण आपल्यापैकी कोणी घर बांधत असेल, गृहसंस्थेच्या समितीवर असेल किंवा घरासाठी अर्ज भरत असेल, तर त्याने आराखड्यावर बोट ठेवून एवढेच विचारावे : आजीने हाक मारली, तर ती कोणाला ऐकू जाईल?